आष्टीहून आलेला कोड

नवरात्राच्या तोंडावर आमचा टीव्ही बंद पडला. आवाज यायचा, चित्र यायचं नाही. बायकोने काही दिवस मालिका नुसती कानाने ऐकली. कोण रडतंय ते तिला आवाजावरून कळायचं, पण कोणती साडी नेसून रडतंय ते कळायचं नाही, आणि तिचा सगळा जीव त्यात. मी म्हणालो, दसऱ्याला नवा घेऊ. माझं 'दसऱ्याला' घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कोणत्या वर्षीच्या, ते मी कधी सांगत नाही. तेव्हा तिनेच कपाटावर बोट दाखवलं. म्हणाली, तो लॅपटॉप नुसता धूळ खातोय, त्यावर दिसतं म्हणे सगळं.

कपाटावर टॉवेलात गुंडाळून ठेवलेला तो लॅपटॉप आमच्या सुनेचा. तो तिथे कसा आला ते आधी सांगतो, कारण तो तिथे ठेवायला मीच लावला.

सून परतूरजवळच्या आष्टीची. चांगली शिकलेली. लॅपटॉप तिच्या कॉलेजातला, लग्नात तिच्याबरोबर आलेला. ती घरी बसून ऑनलाइन शिकवणीच्या एका कंपनीसाठी मुलांचे पेपर तपासायची. बदनापूरला आमच्या घरात नेटवर्क येतं ते फक्त पुढच्या खोलीत, आणि पुढची खोली म्हणजे माझं राज्य. निवृत्त झाल्यापासून माझी खुर्ची, माझा पेपर आणि माझे येणारे-जाणारे तिथेच. ती कोपऱ्यात स्टुलावर लॅपटॉप ठेवून बसायची आणि मी तिच्या मागून बनियनवर फेऱ्या मारायचो. पलीकडच्या लोकांना मी दिसतो, हे तिने मला कधी सांगितलं नाही. माझ्या बायकोने सांगितलं, तेही हसत.

श्रावण लागला तोच आमचा एक पाव्हणा आला. मी नेहमीप्रमाणे हाक मारली, चहा टाक म्हणून. तिची मीटिंग चालू होती. तिने मागे न बघता नुसता तळहात वर केला, थांबा म्हणून. पाव्हण्याने ते बघितलं आणि मिशीतल्या मिशीत हसला. म्हणाला, "सूनबाई साहेब झाल्या की." बस. तो हात मी विसरलो असतो, पण ते हसणं काही माझ्या डोक्यातून गेलं नाही. पाव्हणा गेल्यावर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. शिव्या दिल्या नाहीत, पण शिव्या परवडल्या असत्या. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामा म्हणतात; ती एवढंच म्हणाली, की मामा, माझी मीटिंग चालू होती.

मग नागपंचमी आली. तिचा भाऊ तिला न्यायला आला. बॅग भरलेली, लॅपटॉपची पिशवी खांद्यावर. मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही. म्हणालो, "ते डबडं इथंच राहू दे. माहेरी तरी माणसांत बस."

तिने माझ्या मुलाकडे पाहिलं. तो अंगणात तिच्या भावाच्या मोटारसायकलची हवा बघत होता; हवा बरोबर होती. आईबापापुढे तोंड उघडायचं नाही, हे आम्हीच त्याला शिकवलेलं. तिने खांद्यावरची पिशवी काढून पलंगावर ठेवली आणि गेली. तिने माझं ऐकलं, हीच तर अडचण आहे. ऐकलं नसतं तर निदान मला तिच्यावर रागावता आलं असतं.

आता आमच्याकडची एक रीत. सून माहेरी गेली की ती आपली आपण परत येत नाही. सासरचं माणूस न्यायला जातं. एरवी हा नुसता उपचार असतो. नवरा गाडीवर जातो आणि दुपारी घेऊन येतो. पण घरात काही बोलाचाली झालेली असली तर जो बोलला त्याने जायचं. तिथे जाऊन काही बोलावं लागत नाही. आमच्यात कोणी माफी मागत नाही, न्यायला जातात. न्यायला आलेल्या माणसाला पुरणाची पोळी वाढतात, मुलीची ओटी भरतात आणि तो विषय तिथेच संपतो. किती सोपं आहे. मी ते केलं नाही. तिने माझ्या मुलाला फोनवर सांगितलं, की मामांना पाठवा. मी म्हणालो, भाऊ घेऊन गेला, भाऊच आणून सोडील. पुढे कळलं की लॅपटॉप इकडे राहिल्यामुळे तिचं काम गेलं. मुलाने आईला सांगितलं, आईने तांदूळ निवडता निवडता मला सांगितलं. मी पेपराचं पान उलटलं.

तर तो लॅपटॉप. टॉवेल काढला, वायर लावली, बटण दाबलं. पडद्यावर तिचा फोटो आला, गोल चौकटीत, आणि खाली पिन मागितला. मी लग्नाची तारीख टाकली. चुकली. मुलाची जन्मतारीख टाकली, तीही चुकली. बायको म्हणाली तिची स्वतःची टाकून बघा, तेव्हा आमच्या दोघांच्याही लक्षात आलं की ती आपल्याला माहीत नाही. पत्रिका जुळवताना होती, नंतर कोणाला लागली नाही. थोड्या वेळाने मशीनच रुसलं, आता नंतर प्रयत्न करा म्हणालं.

मुलाला सांगितलं असतं तर त्याने तिला फोन करून पिन विचारला असता. म्हणून मी मुलाला सांगितलं नाही. लॅपटॉप पिशवीत घातला आणि जालन्याची गाडी धरली.

गांधी चमनच्या पुढे एका गल्लीत लॅपटॉप-मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. दुकानदार तिशीतला, घरी उर्दू बोलणारा, माझ्याशी अर्धं मराठी अर्धं हिंदी. गिऱ्हाइकं बसलेली होती, त्यात एक आमच्या बदनापूरचाच, तोंडओळखीचा. दुकानदाराने लॅपटॉप उघडला, फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, घरचाच आहे. त्याने दोन-तीन ठिकाणी दाबलं आणि मी काही म्हणायच्या आत म्हणाला, "कोड गेला चाचा. खात्याला जो नंबर हाये त्याच्यावर. फोन कोणाकडं हाये?"

पडद्यावर नंबराचे शेवटचे आकडे दिसत होते. ते मला ओळखू आले.

मी म्हणालो, "तो नंबर बंद हाय."

का म्हणालो? सुनेचा आहे म्हणालो असतो तर तो म्हणाला असता, मग लावा फोन. श्रावण गेला, भादवा गेला, मी तिला एक फोन केला नव्हता; आता त्या दुकानात, त्या बदनापूरच्या माणसासमोर, टीव्ही बिघडला म्हणून करणार होतो का? तोंडून खोटं निघून गेलं. एवढंसं खोटं. दुकानदाराचा विश्वास बसला, त्याला असली गिऱ्हाइकं रोजची.

तो म्हणाला, मंग फॉरमॅट मारावं लागेल. जुनी मशीन आहे, नवं विंडोज तिला झेपणार न्हाई, जुनंच टाकतो. आतलं सगळं जाईल. त्यातलं काही पाहिजे का?

आणि माझ्या शर्टाच्या खिशात फोन थरथरला.

मी काढून बघितला. वर तिचं नाव. त्याच्या खाली आमचं शेवटचं बोलणं म्हणजे तिने आषाढीला पाठवलेला नमस्काराचा फोटो. आणि आता, खाली, नुसते आकडे. सहा आकडे. नमस्कार नाही, कसे आहात नाही, कशाला उघडताय नाही. तिच्या फोनवर कोड आला, तिला कळलं की बदनापूरला कोणीतरी तिचा लॅपटॉप उघडतंय, आणि तिने तो कोड मला पाठवून दिला. मुलाला नाही, मला. कोणी मागितला नसताना.

दुकानदार म्हणाला, "कोड थोडा वेळच चालतो चाचा. कोणी देणारं असल तर बघा, न्हाई तर सगळं उडवावं लागतं."

ते आकडे मी वाचून दाखवायचे होते, दुसरं काही नाही. पण मग नंबर बंद आहे म्हणालो त्याचं काय? बदनापूरवाला माझ्याकडेच बघत होता, निदान मला तसं वाटलं. आणि कोड वापरला तर तिला काहीतरी उत्तर द्यावं लागणार. उत्तर दिलं की बोलणं आलं, बोलणं आलं की न्यायला जाणं आलं. हे सगळं त्या घटकेत माझ्या डोक्यात अगदी स्पष्ट होतं. लोक म्हणतात ना, काही सुचलं नाही म्हणून झालं. मला सुचत होतं. बिलकुल सगळं सुचत होतं.

मी फोन खिशात ठेवला आणि म्हणालो, "मारा फॉरमॅट. काही न्हाई त्यात."

त्यात काय आहे याची मला काडीची कल्पना नव्हती. त्याने पेनड्राइव्ह लावला, बटणं दाबत गेला. मशीनने एकदा विचारलं, सगळं पुसायचं का. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. पडदा निळा झाला. मला चहा आला, तो मी घेतला.

परतीच्या गाडीत बसल्यावर फोन पुन्हा काढला तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. समोरच्याने निरोप वाचला की पाठवणाऱ्याच्या फोनवर त्याच्या खुणा निळ्या होतात. मला हे चांगलं ठाऊक होतं. मीच माझ्या भावांना धरायचो, वाचलास आणि उत्तर दिलं नाहीस म्हणून. म्हणजे तिच्या फोनवरही त्या निळ्या झाल्या होत्या. मामांनी कोड बघितला, हे आष्टीत तिला कळलं होतं. मी 'मिळाला' असं लिहिलं आणि पुसलं. 'टीव्ही बिघडला म्हणून' लिहिलं, तेही पुसलं, कारण ते वाचायला फारच वाईट दिसत होतं. बदनापूर आलं आणि मी उतरलो.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, कसा उघडला? मी म्हणालो, त्या लोकांना सगळं येतं. त्या संध्याकाळपासून पुढच्या खोलीत, त्याच स्टुलावर, मालिका सुरू झाली. त्या मालिकेतली सासू सुनेला छळते. बायको पदराने डोळे पुसत म्हणायची, कसली बाई म्हणावी ही, देव बघून घेईल. मी उठून अंगणात जायचो. पहिले काही दिवस तिला वाटलं मला अपचन झालंय, तिने ओवा दिला. मी ओवा खाल्ला. अपराधी माणसाला ओवा दिला तरी तो मुकाट्याने खातो.

दिवसातून कितीदा तरी मी फोन उघडून ते आकडे बघायचो. कधीच मेलेला कोड, पण मला पाठ झाला होता. मी स्वतःला समजावायचो, की तिला तरी कुठे काय वाटलं असणार, आला कोड, दिला पाठवून. हल्लीची पोरं. पण तिने पुढे काहीच विचारलं नव्हतं, उघडला का म्हणूनसुद्धा नाही, आणि ते न विचारणंच मला खात होतं.

दिवाळी गेली. पाडव्याला सून माहेरी, म्हणून मुलगा ओवाळून घ्यायचा राहिला. पंधरा दिवसांनी तो अंघोळीचं पाणी काढता काढता, पाठमोराच, मला म्हणाला, "बाबा, तिनं विचारलं होतं. मामाला कोड भेटला का म्हणून."

मी विचारलं, कधी?

"त्याच दिवशी. मी म्हणलो, मला काय माहीत न्हाई. मंग परत विचारलंच न्हाई तिनं."

त्याला सगळं माहीत होतं, हे त्याच्या पाठीवरूनच कळत होतं. लॅपटॉप स्टुलावर मालिका दाखवतोय हे तो रोज बघत होता. मला त्याने शब्दाने विचारलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर बापाला विचारलं असतं का? नसतंच. आमच्याकडे ही विद्या बापाकडून मुलाकडे बरोबर जाते.

दुसऱ्या दिवशी मी बायकोला सांगितलं, आष्टीला जातो. तिने का म्हणून विचारलं नाही. आतून एक पिशवी आणून दिली. नारळ, खण आणि नवी साडी. साडी कधी आणलीस विचारलं तर म्हणाली, पंचमी झाल्यावर लगेच. म्हणजे एवढे महिने ती पिशवी भरलेली होती आणि मी जायची वाट बघत होती. मी लॅपटॉपही घेतला. परतूरपर्यंत रेल्वे, तिथून आष्टीची जीप. लॅपटॉप मांडीवर धरून बसलो होतो, रस्ता खराब म्हणून.

व्याही घरी नव्हते, बाजारात गेले होते. विहीणबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला, जेवू घातलं. वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा. आग्रहही केला. सून शाळेतून यायची होती. हे मला तिथेच कळलं, की ती आता परतूरच्या एका शाळेत शिकवायला जाते. ती आली, माझ्या पाया पडली, मामा कधी आलात म्हणाली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी म्हणालो, "तुला न्यायला आलो, बाई."

ती खाली बसली. पिशवीतला लॅपटॉप दिसत होता, तो तिने काढून मांडीवर घेतला आणि सुरू केला. पडदा आला. तिचा फोटो नाही, नाव नाही. दुकानदाराने घातलेलं परकं चित्र.

"समदं गेलं का?"

"गेलं."

"असू द्या. कामाचंच होतं. काम तर तवाच गेल्तं."

मला आता सांगायलाच हवं होतं. मी म्हणालो, कोड मला दिसला होता. दुकानात, त्याच वेळी.

"माहीत हाये," ती म्हणाली. "निळं झाल्तं."

मग तिने मला जे सांगितलं ते तिने सहज सांगितलं, तक्रार म्हणून नाही. त्या दिवशी तिच्या फोनवर कोड आला तेव्हा तिला वाटलं, मामा लॅपटॉप चालू करून घेऊन राहिलेत. म्हणजे माझं काम परत सुरू करायचं म्हणत असतील. म्हणजे न्यायला येऊन राहिलेत. मामांना तोंडाने बोलता येत न्हाई, हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनेही काही लिहिलं नाही, नुसता कोड पाठवला. खुणा निळ्या झाल्या तशी ती आईला म्हणाली, मामा येतील. तिने बॅग भरली. आईने हरभऱ्याची डाळ शिजत घातली.

"संध्याकाळच्या जीपा सगळ्या बघितल्या आम्ही," ती म्हणाली. "मंग आईनं पुरण शेजारी वाटून टाकलं."

विहीणबाई आत भांडी घासत होत्या, त्यांचा आवाज थांबला आणि परत सुरू झाला. माझ्या पोटात त्यांची भाजी-भाकरी होती. पोटभर वाढली होती त्यांनी, कोणत्याही पाव्हण्याला वाढतात तशी. मी चुकलो, असं मी तिला म्हणालो. माझ्या उभ्या आयुष्यात हा शब्द मी घरातल्या कोणाला म्हटलेला नव्हता, आणि म्हटला तेव्हा तो फार लहान वाटला. मी परत म्हणालो, चल बाई घरी. पुढच्या खोलीत तुझं टेबल ठेवू, मी मागं बसेन.

तिने मान हलवली, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. म्हणाली, शाळा सोडता येणार न्हाई आता, मामा. ह्यांना वाटलं तर ह्यांनी यावं, बोलू आम्ही. तुम्ही आलात, चांगलं झालं.

मग तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. म्हणाली, हे असं बिनानावाचं ठेवू नका, परत अडकंल, मी तुमचं खातं काढून देते. माझं नाव घातलं, माझा नंबर घातला. खिशात माझा फोन थरथरला. ती म्हणाली, आकडे सांगा. मी चष्मा लावला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवला, आणि ती टाकत गेली.

"झालं," ती म्हणाली. तिने झाकण लावलं आणि दोन्ही हातांनी लॅपटॉप माझ्यापुढे धरला. "आता कवाबी अडलं तर कोड तुमच्याच फोनवर येईल, मामा. आम्हाला विचारायचं काम न्हाई."

विहीणबाईंनी चहा आणला. मी तो प्यालो, साडीची पिशवी त्यांच्याजवळ ठेवली आणि एकटाच जीपकडे निघालो.